लांब केसांचे पिल्लू आणताय? आधी ग्रूमिंगचा हिशेब मांडा

शिह त्झू किंवा ल्हासा अप्सोचे पिल्लू घेताना घासाघीस होते ती किमतीवर. खरा खर्च नंतर सुरू होतो. या जातींचे केस वाढतच राहतात, म्हणून दर ४ ते ६ आठवड्यांनी ग्रूमिंग लागते.

खर्च किती?
६ आठवड्यांनी गेले तरी वर्षाला ९ फेऱ्या. समजा, ग्रूमरचे १,००० रुपये आणि विंचूरहून नाशिकला जाण्या-येण्याचे ५००. तर वर्षाचे १३,५०० रुपये, म्हणजे महिन्याला १,१२५.

बचत कुठे?
घरी रोज दहा मिनिटे केसांच्या मुळापर्यंत कंगवा फिरवला, तर गुंता सोडवण्याचे जादा पैसे वाचतात. फेऱ्या चुकवून मात्र बचत होत नाही. गुंत्याखाली ओल साचते, कातडी ओढली जाते, जखमा होतात; मग पशुवैद्यकाचे बिल येते. सगळे केस भादरणे हाही उपाय नव्हे. उन्हात त्वचा भाजते आणि निफाड तालुक्यातली थंडी तर सर्वांना ठाऊक आहे.

ही रक्कम दुधाच्या बिलासारखी दरमहा बाजूला काढणे जमणार नसेल, तर आखूड केसांचे कुत्रे आणावे. पैसे मालकाचे वाचतात, गुंत्याची कळ मात्र मुक्या जिवाला सोसावी लागते.