पावडरीचा डबा आणि सोळाशे मीटर

मागच्या महिन्यात रविवारची वंदना आटोपली आणि एक ताई विहाराच्या पायरीवर घुटमळत उभ्या राहिल्या. सगळे पांगल्यावर त्यांनी पिशवीतून एक काळा डबा काढला नि हळूच विचारले, "भाऊ, हे नशेचं तर नाही ना? पोरगं रोज पहाटे पाण्यात कालवून पितं आन् पळायला जातं. रातच्याला डोळ्याला डोळा नाही त्याच्या. छातीत धडधडतंय म्हणतो."

ताई नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडायला रोजाने जातात. मुलगा बी. ए. झाला, दोन वर्षे पोलिस भरतीची तयारी करतो आहे. डबा दोन हजारांचा. म्हणजे आईची चार-पाच दिवसांची मजुरी.

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागातील वाचकांना हे सांगायला नको. मंचर, घोडेगाव, ओतूर, कुठेही पहाटे जा, रस्त्याच्या कडेने पोरे-पोरी पळताना दिसतील. शेती असली तर गुंठ्यात, नोकरी मिळाली तर कंत्राटी. राहता राहिली भरती. अंगावर वर्दी चढली की घराचे दिवस पालटतात, हे आपण आपल्याच वस्तीत पाहिले आहे. त्यामुळे कोणी सांगितले की अमुक पावडरीने दम वाढतो, तर पोर उसने पैसे काढूनही ती आणणार. त्याला नुसते रागावून काय उपयोग?

मी कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. पण आकडे वाचण्यात आयुष्य गेले, म्हणून डब्यावरचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचला. एका मापात ३०० मिलिग्रॅम कॅफिन. पुढे बीटा-अलानिन, सिट्रुलिन, क्रिएटिन अशी नावे. पोराला बोलावून विचारले, "किती मापे घेतोस?" म्हणाला, "दोन, काका. एकाने आता काही वाटत नाही."

आता या पावडरीने पळण्याचा दम वाढतो का? खरे सांगायचे तर थोडा वाढतो, आणि तो बहुतेक कॅफिनमुळे. कॅफिन म्हणजे आपल्या चहा-कॉफीत असते तेच. शरीराच्या दर किलो वजनामागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन तासभर आधी घेतले, तर लांब पळणाऱ्याची किंवा सायकल चालवणाऱ्याची कामगिरी साधारण २ ते ४ टक्के सुधारते, असे पुष्कळ प्रयोगांतून दिसले आहे. थकवा मेंदूला उशिरा जाणवतो, एवढेच त्याचे काम. एके काळी ऑलिंपिकवाल्यांनी कॅफिनवर मर्यादा घातली होती, २००४ साली ती उठवली. तेव्हा ताईंना मी सांगितले की ही दारू-गांजासारखी नशा नव्हे. पण सवय लागते, आणि दोन मापांत ६०० मिलिग्रॅम होते. निरोगी मोठ्या माणसाने दिवसभरात ४०० च्या पुढे जाऊ नये आणि एका वेळी २०० पुरे, असे युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली सांगितले आहे. पोराची झोप का उडाली ते वेगळे सांगायला नको. ज्याची झोप गेली त्याचा सराव अंगी कसा लागणार?

बाकीच्या नावांचे काय? क्रिएटिन वजन उचलणाऱ्याच्या, छोट्या धावेच्या कामाचे. त्याने अंगात पाणी धरून वजन वाढते, ते वजन सोळाशे मीटर वाहायचे कोणी? बीटा-अलानिनने कातडीला मुंग्या येतात. पोरांना वाटते पावडर 'चढली'. प्रत्यक्षात ते रोज चार-सहा ग्रॅम असे काही आठवडे घेतले तरच स्नायूंत साठते. त्या दिवशी घेऊन त्या दिवशी फळ नाही. बिटाच्या रसातील नायट्रेटने मात्र त्याच वेगाला प्राणवायू कमी लागतो, असे इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली दाखवले. पण मुरलेल्या धावपटूंना त्याचा फायदा कमीच दिसतो. बीट मंचरच्या बाजारातही मिळते, एवढे लक्षात ठेवा.

मग आम्ही एक हिशेब केला. भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात मुलांच्या १६०० मीटरला २० गुण. पूर्ण गुण हवे तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यायचे, पुढे वीस-वीस सेकंदांच्या टप्प्यांनी गुण उतरतात. एका रविवारी पोर नुसता चहा पिऊन पळाला, मी मोबाइलवर वेळ लावली. ५ मिनिटे ४१ सेकंद. पुढच्या रविवारी पावडरीचे एकच माप घेऊन ५ मिनिटे ३६. पाच सेकंद वाचले, पण टप्पा तोच, गुण तेवढेच! अर्थात एका पोराच्या दोन धावांवरून काही सिद्ध होत नाही. आज आपण पावडर घेतली आहे, हे त्याला ठाऊक होते, त्यानेही पाय उचलतात. म्हणूनच खऱ्या प्रयोगात निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी पावडर देतात आणि कोणाला काय दिले ते सांगत नाहीत.

काठावरच्या पोराला पाच सेकंदांनी दोन गुण मिळूही शकतात, हे मी नाकारत नाही. पण डब्यात लिहिले आहे तेवढेच असते याची खात्री कोण देणार? २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये क्लेअर स्क्वायर्स नावाची ३० वर्षांची तरुणी शेवटच्या मैलावर कोसळली आणि गेली. तिने पाण्यात अशीच एक पावडर घातली होती. तिच्यात डीएमएए नावाचे उत्तेजक होते आणि मृत्यूला ते कारणीभूत ठरले, असे चौकशीत पुढे आले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत याच द्रव्यामुळे नायजेरियाच्या धावपटूचे शंभर मीटरचे सुवर्णपदक काढून घेतले गेले. आपल्या पोरांच्या कानावर तर आता इंजेक्शनाच्या गोष्टीही येतात. भरतीच्या ठिकाणी उमेदवारांकडे सिरिंजा सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत तर पोरे उन्हात पाच किलोमीटर पळताना गेली. रणरणत्या उन्हात धडधडणारे हृदय घेऊन पळायचे, हा खेळ कोणत्या आईने मान्य करावा?

बोलता बोलता ताईंची धाकटी मुलगी मागे उभी होती. तीही भरतीची तयारी करते, मुलींना ८०० मीटर. तिला डबा कोणी आणून दिला नव्हता, दादाचे उरलेले चिमूटभर मिळे. दुसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाली. मी तिला सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन ९! स्नायूंपर्यंत प्राणवायू पोचवते ते हिमोग्लोबिनच. तेच कमी असेल तर कॅफिन कोणाला जागे करणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. म्हणजे ही एका घरची गोष्ट नाही. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. डॉक्टरांनी तीन महिने घ्यायला सांगितल्या आहेत. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. गोळीवर लिंबू पिळलेले पाणी चालते. भाकरीबरोबर मेथी, हरभरा, मटकी असावी, पळण्याआधी केळे किंवा गूळ-शेंगदाणे. दोन हजारांत घरातल्या दोघांचेही कितीतरी दिवस भागते.

पोराने दोनाचे एक माप केले आहे, तेही रोज नाही, फक्त जोराच्या सरावाला. सोड म्हटले तर सोडणार नाही, हे मला कळते. धडधड थांबली नाही तर हृदयाचा आलेख काढून घ्यायचा, असे त्याने आईसमोर कबूल केले आहे. आठवड्यातून दोनदा ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, मध्ये विसावा घेऊन, आणि एकदा सावकाश आठ किलोमीटर, असा सराव लावून दिला आहे. वेळ पुन्हा महिन्याने लावू.

एक राहिलेच. उसाच्या कडेने अंधारात एकटे पळू नका. बिबट्या आपल्या तालुक्यांत कुठे नाही? आम्ही आता पहाटे पाचऐवजी फटफटल्यावर, पाच-सहा जण मिळून विहारापासून निघतो. मुलींनाही पाठवा. ज्यांना रक्त तपासायचे आहे त्यांनी रविवारी वंदनेनंतर नाव सांगावे, सोमवारी अर्धी रजा टाकून मीच बरोबर येतो.