नक्कल कशाची झाली?

जावा या संगणकभाषेत एखाद्या संग्रहातील घटक ॲरेमध्ये, म्हणजे क्रमांक दिलेल्या घरांच्या ओळीत, उतरवून घेण्यासाठी ‘टूॲरे’ ही आज्ञा आहे. परीक्षेत तिचे नाव लिहिले की गुण मिळतात. परंतु तेवढ्याने विषय समजला, असे आम्हांस वाटत नाही. नक्कल नेमकी कशाची झाली, हा खरा प्रश्न आहे.

उदाहरण आपल्या मराठवाड्याचेच घेऊ. १९८० साली येथे पाच जिल्हे होते: औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद. प्रत्येक जिल्हा हा एक ऑब्जेक्ट आणि ‘नाव’ हा त्याचा बदलता येणारा गुणधर्म, असे माना. या पाचांच्या यादीवरून आपण ॲरे करून घेतला. त्यात ० ते ४ अशी पाच घरे झाली.

पुढे १९८१ मध्ये जालना, १९८२ मध्ये लातूर आणि १९९९ मध्ये हिंगोली हे जिल्हे झाले. यादी आठांची झाली. ॲरेची लांबी मात्र एकदा ठरली की बदलत नाही. त्यात नांदेड सापडेल. लातूर कितीही शोधले तरी सापडणार नाही.

आता २०२३ साल घ्या. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. यादीतील त्याच ऑब्जेक्टांची नावे आपण बदलली, तर ॲरेत कोणती नावे दिसतील? जुनी? नाही, नवी! कारण ॲरेच्या घरात ऑब्जेक्ट नसतो, त्याचा पत्ता असतो. नक्कल पत्त्यांची झाली, जिल्ह्यांची नव्हे. जुनी नावे टिकवायची असतील, तर प्रत्येक जिल्ह्यासाठी नवा ऑब्जेक्ट करावा लागतो.

हा भेद न कळता कोणी विद्यार्थ्यांच्या यादीची अशी ‘प्रत’ काढली आणि तीत प्रयोग म्हणून गुण बदलून पाहिले, तर मूळ यादीतील गुणही बदलतील. संगणक त्यात काही चूक दाखवणार नाही.

म्हणून शिक्षकांना आमची विनंती आहे. संगणकाआधी फळा वापरा. यादी आणि ॲरे शेजारी शेजारी काढा, प्रत्येक घरातून ऑब्जेक्टकडे बाण न्या, आणि उत्तर मुलांकडून आधी वदवून घ्या; आज्ञा नंतर चालवा. परीक्षेतील यशासाठी प्रसिद्ध असलेल्या नांदेड-लातूरच्या वर्गांनी तरी ‘आज्ञा लिहा’ याऐवजी ‘काय दिसेल, आणि का?’ असे विचारण्यास आरंभ करावा.