खाडींतील इवलासा मासा

पहिला मोठा पाऊस झाला कीं, चांदीप व आसपासच्या गांवांतील आमचे विद्यार्थी दुसऱ्या दिवशीं वर्गांत येतात ते वलगणीच्या माशांच्या गोष्टी घेऊनच. कोणास ओढ्यांत किती मासे मिळाले, कोणाचें जाळें फाटलें, ही चर्चा घंटा झाली तरी थांबत नाहीं. अशा वेळीं "मासे पुरे, आतां पुस्तकें उघडा," असें म्हणणाऱ्या शिक्षकांत मीही होतों. तें माझें चुकत होतें, असें आज मला वाटतें; आणि ही चूक मला डॉ. सी. व्ही. कुलकर्णी या मत्स्यशास्त्रज्ञाच्या कार्यानें दाखविली.

डॉ. कुलकर्णी हे मुंबई इलाख्याच्या मत्स्य खात्यांत काम करीत व पुढें महाराष्ट्राचे मत्स्यसंचालक झाले. १९४० सालीं कलकत्त्याच्या 'रेकॉर्ड्स ऑफ दि इंडियन म्युझियम' या नियतकालिकांत त्यांचा चाळीसांहून अधिक पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय काय असावा? आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांच्या मचूळ पाण्यांत राहणारा, बोटाच्या दोन पेरांएवढाही न भरणारा, कांचेसारखा पारदर्शक मासा! बाजारांत ज्याला कोणी कवडीही देणार नाहीं, अशा त्या जीवाचें त्यांनीं बारकाईनें निरीक्षण केलें. नर आपलें बीज एका सूक्ष्म कुपींत भरतो, ती कुपी आपल्या अणकुचीदार टोकानें मादीच्या अंगास चिकटते, आणि मग मादी फलित झालेलीं अंडीं घालते. मादीला तर उजव्या बाजूचा पोटाखालचा पर बहुधा नसतोच. असा मासा कोणत्याही ज्ञात कुलांत बसेना, म्हणून त्यांनीं त्याच्यासाठीं नवें कुलच स्थापिलें. आणि त्यास 'होराइक्थिस सेटनाई' असें नांव देऊन डॉ. सुंदरलाल होरा व डॉ. सेटना या दोन मत्स्यशास्त्रज्ञांचें ऋण व्यक्त केलें.

पुढें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. २००८ सालीं लिन परेंटी या विदुषीनें या गटांतील माशांची नव्यानें छाननी केली, आणि आपला मासा 'ओरायझियस' या प्रजातींत घातला. नांव बदललें, कुल गेलें. मग कुलकर्णींचे श्रम वायां गेले काय? मुळींच नाहीं. ज्याला आपण निष्कर्ष म्हणतों तो पुढील पिढी दुरुस्त करते; परंतु डोळ्यांनीं पाहून प्रामाणिकपणें लिहिलेली नोंद टिकते, व तिच्याच पायावर दुरुस्तीही उभी राहते.

विद्येचा दुसरा धडाही त्यांच्याच कार्यांत आहे. उतारवयांत त्यांनीं लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या मत्स्यकेंद्रांत महसीर माशाच्या कृत्रिम प्रजननाचें काम केलें. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं ज्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, तोच हा दख्खनचा महसीर. तेथील पिलें दूरदूरच्या जलाशयांत सोडण्यांत आलीं. मात्र कावेरींत बाहेरून आणलेल्या या महसीराची वाढ होत असतां तेथील मूळचा कुबड असलेला महसीर नाहींसा होण्याच्या बेतास आला, असें अलीकडच्या अभ्यासकांनीं दाखविलें आहे. हेतु चांगला, कसब थोर. तरीही एका नदीचें हित दुसऱ्या नदीस बाधक ठरूं शकतें. ज्ञानाबरोबर सावधपणा हवा, हें यावरून शिकावें.

कांहीं पालक विचारतील, "माशांच्या अभ्यासानें मुलाचें पोट भरेल काय?" प्रश्न रास्त आहे, व प्रत्येकानें मत्स्यशास्त्रज्ञ व्हावें असें माझें म्हणणें नाहीं. पण पाहा: जपानांतील प्राथमिक शाळांत मुलें मेडाका नांवाचा लहान मासा पाळतात, व त्याच्या अंड्यांतून पिलूं कसें वाढतें हें शास्त्राच्या पाठांत पाहतात. तो मेडाका आपल्या खाडींतील या माशाचाच भाऊबंद, आतां तर एकाच प्रजातींतला. त्यांची मुलें त्याच्याकडे टक लावून पाहतात. आपलीं मुलें खाडीकांठीं राहूनही त्याचें नांव जाणत नाहींत. ज्याचें नांव ठाऊक नाहीं, तो नाहींसा झाला तरी कोणास कळावयाचें? खाड्या बुजत असतां व त्यांत घाण सोडली जात असतां हा प्रश्न केवळ शाळेपुरता राहत नाहीं.

प्रभु येशूनें आपले पहिले शिष्य जाळीं टाकणाऱ्यांतून निवडले, हें आपण प्रार्थनामंदिरांत ऐकतों. मासे धरणारे हात विद्येला अपात्र नसतात. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, पुढच्या पावसाळ्यांत जाळ्याबरोबर एक वही न्या. कोणता मासा, कोठें, कोणत्या दिवशीं, अंड्यांनीं भरलेला कीं रिकामा, एवढेंच लिहा. भरलेली मादी पाण्यांत परत सोडा. आणि ती वही वर्गांत आणा. या वर्षीं मी "मासे पुरे" असें म्हणणार नाहीं.