सोलो आणि साथ

पेरुंगुडीला माझा एक कोर्समेट राहतो. सहा वर्षांपूर्वी त्याने वर्दी उतरवली, आता ओएमआरवरच्या एका आयटी कंपनीत आहे. सेंट थॉमस माउंटहून वेलाचेरीमार्गे बाईकने त्याच्याकडे जायला अर्धा तास पुरतो; मेट्रोच्या खोदकामात अडकलं तर काही खरं नाही. त्याच्या बाल्कनीतून एकीकडे काचेच्या इमारती आणि दुसरीकडे पल्लिकरणैची दलदल दिसते.

गेल्या रविवारी गेलो तेव्हा माझा मूड ठीक नव्हता. ऑफिसात नवे साहेब आले होते. हा मुलगा लेफ्टनंट म्हणून आमच्या युनिटमध्ये आला, तेव्हा त्याची पहिली गस्त मी नेली होती. आज तो कर्नल आहे आणि मी लेफ्टनंट कर्नल. बोर्डाच्या यादीत माझं नाव आलं नाही, त्याला तीन वर्षं झाली. तक्रार नाही, वर जागा कमी असतात, हे आम्ही पहिल्या दिवसापासून जाणतो. पण पहिल्या सकाळी 'जय हिंद, सर' म्हणताना ते 'सर' घशात अडकलं. त्याचीही नजर टेबलावरच होती.

मित्राने काही न विचारता टीव्ही लावला. जी-थ्री! खडकवासल्याला असताना या दौऱ्याची 1997 ची कॅसेट आम्ही झिजवली होती. जो सॅट्रियानी, स्टीव्ह वाय आणि एरिक जॉन्सन हे तीन गिटारवादक 1996 मध्ये एकत्र दौऱ्यावर निघाले. प्रत्येकाने आपापलं वाजवायचं आणि शेवटी तिघांनी एकाच मंचावर यायचं, अशी रचना. 2024 मध्ये तेच तिघे पुन्हा निघाले. जॉन्सन 69 चा, सॅट्रियानी 67 चा आणि वाय 63 चा.

"जुन्या नावांवर तिकिटं विकतात," मी म्हणालो.

"विकू देत. तू सॅट्रियानीचे हात बघ," तो म्हणाला.

वायचा सोलो चालू होता. सॅट्रियानी बाजूला उभा राहून ऱ्हिदम देत होता. हा वाय शाळकरी वयात सॅट्रियानीकडे गिटार शिकायला जायचा. पुढे शिष्य आधी प्रसिद्ध झाला आणि मुलाखतींतून आपल्या गुरूचं नाव सांगत राहिला. 2025 मध्ये तर दोघांनी मिळून एकच बँड काढला आणि युरोपचा दौरा केला.

चेन्नईकरांना यात नवल वाटणार नाही. धनुर्मासात, म्हणजे इथल्या मार्गळीत, मैलापूरच्या एका सभेत मी 'तनि आवर्तनम' ऐकलं. त्यात मुख्य गायक गाणं थांबवून मैफल मृदंगम आणि घटमच्या हवाली करतो. पण तो उठून जात नाही, मांडीवर ताल देत बसतो. तो ताल चुकला तर वाजवणाऱ्याची पंचाईत.

आम्ही अकादमीत सोलो शिकतो. कोर्सची ग्रेडिंग, वार्षिक रिपोर्ट, मेडल, सगळं एकेकट्याचं. साथ करण्याचे मार्क कुठल्याच फॉर्मवर नसतात. एक जण पुढे सरकत असताना दुसऱ्याने कव्हरिंग फायर द्यायचा, हे मात्र आम्ही जवानाला पहिल्या महिन्यात शिकवतो. तिथे फायर देणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही. मग चाळिशीनंतर आम्हालाच ते कमीपणाचं का वाटतं? यादीत नाव नाही म्हणून मनाने रिटायर झालेले चांगले अधिकारी मी पाहिलेत. त्यांचा वीस वर्षांचा अनुभव तसाच पडून राहतो, आणि त्याची किंमत शेवटी खालचा जवान मोजतो.

माझ्या मते साथ करणं म्हणजे हार मानणं नव्हे. उलट ज्याला सोलो येतो, त्यालाच समोरच्याला कुठे आधार लागेल हे आधी कळतं.

सोमवारी कॉन्फरन्सच्या आधी मी साहेबांच्या टेबलावर दोन पानांची टिपणी ठेवली: कुठला प्रश्न येणार आणि जुन्या फाईलमध्ये त्याचं उत्तर कुठे आहे. प्रश्न आला. उत्तर त्याने दिलं, उत्तम दिलं.

'सर' म्हणताना अजून थोडं अडखळतं. रियाज चालू आहे.