हात धरावा, पण कसा?



मागच्या हिवाळ्यात पैनगंगेच्या काठच्या एका गावी आजाऱ्यांना भेटावयास गेलो होतो. वेशीजवळच एका गृहस्थांनी मला बाजूस घेतले व दबल्या आवाजात सांगितले, "फादर, त्या शेवटच्या घरची सून सासूला मारते. म्हातारीचे हात पाहा."

त्या घरी गेलो. ऐंशी ओलांडलेल्या आजीबाई अंगणात कोवळ्या उन्हाला बसल्या होत्या. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे-काळे डाग होते आणि डाव्या हाताला फडके गुंडाळलेले होते. सुनेने पाण्याचा तांब्या ठेवला व ती मान खाली घालून आत गेली. मी आजींना एकांतात विचारले. त्या म्हणाल्या, "नाही हो फादर! न्हाणीत पाय घसरला. तिने हात धरला म्हणून वाचले. पण धरला तिथलेच कातडे सुटून आले." उपकेंद्राच्या नर्सबाईंनीही हात पाहून तेच सांगितले. गाव ज्या हाताला दोष देत होते, त्याच हाताने आजींना सावरले होते.

हे असे का होते, ते समजून घेऊ. वय वाढते तशी त्वचा पातळ होत जाते. तिच्या वरच्या व खालच्या थरांना एकमेकांत गुंतवून ठेवणारे सूक्ष्म उंचवटे सपाट होतात. म्हणून जराशी ओढ बसताच वरचा थर कांद्याच्या पापुद्र्याप्रमाणे सुटतो. खालची चरबीची गादी झिजते, बारीक रक्तवाहिन्यांचा आधार जातो आणि लहानशा धक्क्यानेही आत रक्त साकळून काळा डाग पडतो. तेल स्रवणाऱ्या ग्रंथी मंदावल्यामुळे कातडी कोरडी पडते व खाज सुटते. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या आणि तशीच मलमे ही कातडी अधिकच पातळ करतात. रक्त पातळ करणारी औषधे डाग वाढवितात. मात्र अशी औषधे आपल्या मनाने एकाएकी बंद करू नयेत. डॉक्टरांना विचारावे.

आपल्या आदिलाबाद जिल्ह्याची थंडी ह्या कातडीला मानवणारी नाही. काही हिवाळ्यांत येथे पारा पाच अंशांच्याही खाली उतरला आहे. म्हणून आपली वृद्ध माणसे कढत पाण्याने स्नान करतात आणि शेकोटीशी पाय लावून बसतात. कढत पाणी व साबण मिळून अंगावरचे उरलेसुरले तेल धुवून नेतात. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांना तर चटका बसलेलाही कळत नाही. पाणी कोमट असावे, साबण मोजका असावा, आणि अंग खसाखसा न पुसता मऊ जुन्या धोतराने टिपून घ्यावे.

अंग किंचित ओलसर असतानाच हातापायांना खोबरेल किंवा व्हॅसलिन लावावे. थंडीत गोठलेले खोबरेल उन्हात ठेवून पातळ करून घ्यावे. हा उपाय साधा आहे, पण त्याचे मोल मोठे आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील १४ वृद्धाश्रमांत ह्याची परीक्षा झाली व २०१४ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जेथे वृद्धांच्या हातापायांना दिवसातून दोनदा ओलावा राखणारे मलम लावले गेले, तेथे कातडी फाटण्याचे प्रसंग जवळजवळ निम्म्याने घटले.

आता हात कसा धरावा, ते सांगतो. मनगटाला किंवा दंडाला धरून कोणालाही ओढू नये. एक हात पाठीमागून व दुसरा कोपराखाली उघड्या तळव्याने द्यावा आणि त्यांना स्वतःच्या बळावर उठू द्यावे. अंथरुणावर वर सरकवायचे असेल तर खाली दुहेरी चादर घालून दोघांनी ती चादर उचलावी. अंग घासत नेऊ नये. सेवा करणाऱ्याने नखे कापलेली ठेवावीत, अंगठी व काचेच्या बांगड्या त्या वेळेपुरत्या काढाव्यात. आजी-आजोबांना लांब बाह्यांचे कपडे घालावेत. खाटेचे व पेटीचे टोकदार कोपरे फडक्याने गुंडाळावेत. रात्री न्हाणीच्या वाटेवर दिवा असावा.

जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी. टाच, माकडहाड व खुबा रोज पाहावा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून हात लावून पाहावे. एखादी जागा आसपासच्यापेक्षा गरम किंवा घट्ट लागली, तर तेथे भार पडू देऊ नये आणि चोळूही नये. जेवणात वरण, दूध, अंडे असावे. झीज भरून येण्यास ते लागते.

कातडी फाटलीच, तर स्वच्छ फडक्याने हलके दाबून रक्त थांबवावे. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुवावी. लोंबणारी कातडी कापून टाकू नये. ओल्या स्वच्छ कापडाने ती हळुवार जागेवर सरकवावी. वर व्हॅसलिनची जाळीदार पट्टी ठेवून सैल बँडेज बांधावे. चिकटपट्टी लावू नये, कारण ती काढताना नवी जखम होते. हळद, चुना, तंबाखू ह्यांतले काही भरू नये. आपल्या घराघरांत कापूस असतो, पण तोही जखमेवर थेट ठेवू नये. त्याचे तंतू आत चिकटतात. त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे व धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे. पू, ताप किंवा वाढती सूज दिसल्यास विलंब करू नये.

राहिला प्रश्न गावच्या बोलण्याचा. प्रत्येक काळा डाग माराचा नसतो. परंतु एकही डाग न विचारता सोडून देण्याजोगाही नसतो. वृद्धांना खरोखर मारणारी घरे आहेत, आणि अशी माणसे भीतीने गप्प राहतात. म्हणून एकांतात, प्रेमाने विचारावे. मारहाणीचा संशय खरा वाटला, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेल्या १४५६७ ह्या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. चौकशी न करता वेशीवर कुजबुजणे मात्र कोणाच्याच हिताचे नाही.

त्या दिवशी मी सुनेला बाहेर बोलावले. नर्सबाईंनी तिला सासूबाईंना उठवण्याची रीत दाखविली. तिने एकदा करून पाहिले. आजीबाई उभ्या राहिल्या, हाताकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आता दुखलं नाही गं." तेव्हा कुठे सुनेने मान वर केली.