नाडीखालची जखम

त्वचेच्या कर्करोगाचे पाठ्यपुस्तक उघडले की पहिला आरोपी ऊन. गोऱ्या कातडीच्या देशांत ते खरेच आहे, आणि बांधकामावर दिवसभर राबणाऱ्यांच्या बाबतीत आपणही ते विसरू नये. पण करी रोड-लालबागच्या दवाखान्यांत बसणाऱ्या आपल्यापैकी कितीजण रुग्णाची कंबर तपासतात?

इथून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या टाटा मेमोरियलमधील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्येच धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती. मग साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही तो दिसू लागला. २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वृद्ध रुग्णांची हकिकत मांडली. वर्तमानपत्रांनी लगेच ‘परकराचा कॅन्सर’ म्हणून मथळे दिले. प्रत्यक्षात त्यांतली एक बाई परकराशिवाय लुगडे नेसत असे. दोष कपड्याचा नाही; वर्षानुवर्षे एकाच जागी बसणाऱ्या आवळपणाचा, घामाचा आणि घर्षणाचा आहे. आधी काळपट, खवलेदार पट्टा, मग भेग, मग न भरणारी जखम. असे रुग्ण विरळाच, म्हणून घाबरवू नका. नाडी सैल बांधायला, रुंद पट्टा वापरायला, बांधण्याची जागा बदलायला सांगा.

धंद्याचेही तसेच. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत ‘म्यूल’ हे सूतकताईचे यंत्र चालवणाऱ्यांच्या जांघेत वंगणाच्या तेलाने कपडे भिजत आणि अंडकोशाच्या त्वचेला कॅन्सर होई. गिरणगावात यंत्रांचे तेल अंगावर घेतलेले कामगार आज आजोबा झाले आहेत, आणि असा रोग उगवायला दशके लागतात. १९८२ च्या गिरणी संपानंतर कामगार पांगले, त्यामुळे केसपेपरवर आता ‘निवृत्त’ एवढेच लिहिलेले असते. कुठल्या खात्यात होतात, हे विचारायला अर्धा मिनिट लागतो. डांबर तापवणाऱ्यालाही त्याच्या कामाबद्दल विचारा. भाजल्याच्या जुन्या व्रणातही कॅन्सर उगवतो; म्हणून चाळीतल्या रॉकेलच्या स्टोच्या भडक्यात भाजलेल्या बाईच्या जुन्या व्रणावर नवी जखम दिसली, तर तिला ‘खाजवल्याने झाली’ म्हणून सोडू नका.

सर्वांत मोठी हानी आपलीच मलमे करतात. स्टिरॉइड आणि बुरशीनाशकाच्या मिश्रणाची ट्यूब महिनोन्‌महिने लिहून दिली जाते, तोवर कॅन्सर पसरून जांघेत गाठी येतात. चार आठवड्यांत न भरलेल्या कोणत्याही जखमेच्या कडेची बायोप्सी करा, किंवा रुग्णाला चिठ्ठी देऊन केईएमला पाठवा.