विमानाला पक्षी धडकतो तेव्हा कॉकपिटमध्ये काय घडतं?

२० मे २०२४ च्या रात्री दुबईहून मुंबईला येणारं एमिरेट्सचं विमान घाटकोपरजवळ फ्लेमिंगोंच्या थव्याला धडकलं. विमान सुखरूप उतरलं, पण जवळपास ४० फ्लेमिंगो मेले. अशा वेळी वैमानिक नेमकं काय करतात?

धोका कधी जास्त?

पक्षी सहसा कमी उंचीवर उडतात. त्यामुळे बहुतेक धडका टेकऑफ किंवा लँडिंगच्या वेळी होतात. बऱ्याचदा पत्र्याला पोचा येण्यावर निभावतं. पक्षी इंजिनात खेचला गेला, तर मात्र पाती वाकू शकतात, आगही लागू शकते.

वैमानिक काय करतात?

धावपट्टीवर ‘व्ही-वन’ हा वेग गाठण्याआधी उड्डाण थांबवता येतं. त्यानंतर थांबायला धावपट्टी पुरेलच असं नाही, म्हणून विमान उचलावं लागतं. हवेत क्रम ठरलेला: आधी विमान सांभाळायचं, मग दिशा ठरवायची, मग कंट्रोल टॉवरशी बोलायचं. दोन इंजिनांचं प्रवासी विमान एका इंजिनावरही उडू शकतं. त्यामुळे घाईत चुकून चांगलंच इंजिन बंद होऊ नये, यासाठी दोन्ही वैमानिक खात्री करून घेतात.

१९ जून २०२२ ला पाटण्याहून दिल्लीला निघालेल्या स्पाइसजेटच्या विमानात हेच झालं. पक्षी धडकून एका इंजिनाने पेट घेतला. कॅप्टन मोनिका खन्ना यांनी ते बंद केलं आणि विमान पाटण्यात परत उतरवलं. सगळे १८५ प्रवासी वाचले.

दोन्ही इंजिनं गेली तर?

मग हाताशी फक्त मिनिटं उरतात. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये कॅप्टन सलेनबर्गर यांनी साधारण साडेतीन मिनिटांत विमान हडसन नदीवर उतरवलं. सर्व १५५ जण वाचले. डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या मुआनला जेजू एअरचं विमान पक्षी धडकल्यानंतर चाकं न उघडताच उतरलं आणि धावपट्टीपलीकडच्या काँक्रीटच्या बांधावर आदळलं. १७९ जणांचा जीव गेला.

मग उपाय काय?

वैमानिकाचं कौशल्य ही शेवटची फळी आहे. पहिली फळी जमिनीवर असते. भारतात विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात पक्ष्यांना आकर्षित करेल असा कचरा टाकायला आणि उघड्यावर जनावरं कापायला नियमाने बंदी आहे. कारण तिथे टाकलेली उष्ट्याची एक पिशवीसुद्धा घारींना आमंत्रण ठरते.